थडगं गळत नाही

मंगळवार, १२ फेब्रुवारी २००२. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका फायबरग्लास कारखान्यात आदमला लाल स्टिकर लावण्यात आला. स्टिकर तळहाताएवढा होता. त्यावर ‘रिजेक्टेड’ असं छापलेलं होतं आणि तो चिकटवला तिथे आदमचा चेहरा असायला हवा होता. चेहरा नव्हता. तक्रार तीच होती.

पावणेअकरापर्यंत त्या रंगवलेल्या खोलीत दोनशे अकरा स्टिकर लागले. मोराला एक, कारण त्याला शेपूट होती पण डोकं नव्हतं. द्राक्षवेलीला सतरा. हात वर करून प्रार्थना करणाऱ्या बाईला तीन. दोन माशांना मिळून चार. बाकीचे सगळे भिंतींना: भेगा, पोपडे, ओलीचे डाग.

स्टिकर लावणारे गुणवंत सबनीस, कारखान्याचे क्वालिटी मॅनेजर, मूळचे पुण्याचे. खोली रंगवणारा लियाकत परकार, मूळचा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातला. भेगा, पोपडे आणि डाग लियाकतने फोटोवरून मोजून, सात आठवडे खपून, मुद्दाम रंगवले होते. ज्या खोलीची ही नक्कल होती ती सोळाशे वर्षांची होती आणि ती अशीच होती.

ऑर्डर नोव्हेंबरात आली होती. मध्य युरोपातल्या एका देशाला मार्चमध्ये इथे भरणाऱ्या देशोदेशींच्या मेळ्यातल्या आपल्या दालनात काहीतरी जुनं आणि भारदस्त ठेवायचं होतं. देशाचं नाव छापू नये अशी त्यांच्या वकिलातीची विनंती आहे. त्यांच्या एका शहराखाली रोमन काळातली ख्रिस्ती दफनभूमी आहे. तिच्यात जमिनीखाली कुणा श्रीमंत कुटुंबाने आपल्या मेलेल्यांसाठी एक खोली बांधून घेतली होती. तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद, भिंतींवर चित्रं. झाडाच्या दोन बाजूंना आदम आणि ईव्ह, दुसऱ्या भिंतीवर ती प्रार्थना करणारी बाई, छतावर वेली आणि पक्षी. ही खोली उचलून वाळवंटात आणता येत नव्हती, म्हणून चौदा पॅनेलची फायबरग्लासची नक्कल. उद्घाटन १ मार्चला.

कारखाना तोवर चार वस्तू बनवत होता: पाण्याच्या टाक्या, मासेमारीच्या होड्या, बांधकामावरचे संडास आणि मशिदींचे लहान घुमट. जनरल मॅनेजर दौलत मीरचंदानी, उल्हासनगरचे, यांनी ऑर्डर घेताना ग्राहकाला एकच प्रश्न विचारला: आत माणसं उभी राहणार की झोपणार? उभी राहणार असं कळल्यावर छताची जाडी ठरली.

रंगवायचा प्रश्न सोपा होता, कारण कारखान्यात हातात ब्रश धरता येणारा माणूस एकच होता. लियाकत अकरा वर्षं टाक्यांवर गॅलनचे आकडे आणि होड्यांवर मालकांनी सांगितलेली नावं रंगवत होता. मिरकरवाड्यातही त्याने होड्याच रंगवल्या होत्या. व्हिसावर मात्र त्याचा हुद्दा हेल्पर असा होता. हेल्परला इथे बायको आणता येत नाही. टेक्निशियनला, पगार बसत असेल तर, आणता येते. लियाकतचा पगार बसत होता, हुद्दा बसत नव्हता. त्याची बायको मैमुनाबी अकरा वर्षं मिरकरवाड्यात होती आणि दर दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवस त्याला भेटत होती.

डिसेंबरात टेक्निशियनची एक जागा रिकामी झाली. व्हिसाचे कागद फिरवणारा शौकत, हैदराबादचा, याने सांगितलं की जागा ३१ मार्चपर्यंत भरली नाही तर ती कंपनीच्या हातून जाईल. दौलतसाहेबांनी लियाकतला लेखी मेमो दिला. सदर खोली क्वालिटी विभागाने पास केल्यावर आणि ग्राहकाने स्वीकारल्यावर लियाकत परकार यांचा हुद्दा टेक्निशियन करण्यात येईल. अटी दोन, सही एक, शिक्का कंपनीचा. लियाकतने तो मेमो प्लास्टिकच्या कव्हरात घालून शर्टाच्या खिशात ठेवला, आणि शर्ट बदलला की मेमोही नव्या खिशात हलवायचा असा नेम केला.

होकार देण्याआधी त्याने एकच गोष्ट पाहिली होती. तीन नंबरच्या पॅनेलचा, म्हणजे आदम आणि ईव्हचा, फोटो मागून घेतला, उजेडात धरून बघितला आणि मग हो म्हणाला. का, ते कुणी विचारलं नाही.

सबनीसांबद्दल इथे सांगायला हवं. कारखान्याला १९९९ मध्ये गुणवत्तेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं ते त्यांच्यामुळे. ते रिसेप्शनमध्ये चहाच्या मशीनच्या वर, वाफ लागणार नाही इतक्या उंचीवर टांगलेलं होतं. त्या दिवसापासून नियम असा की क्वालिटीच्या हिरव्या टॅगशिवाय कारखान्याच्या गेटातून काहीही बाहेर जाणार नाही. सबनीस हा नियम शब्दशः पाळत. त्यांनी एकदा कँटीनच्या वरणाला लाल स्टिकर लावला असं कामगार सांगतात. ते खरं नाही. स्टिकर पातेल्याला लावला होता.

त्यांच्या कॉम्प्युटरात वस्तूंचे चारच प्रकार होते. थडगं कुठल्या प्रकारात घालायचं याचा त्यांनी एक दुपार विचार केला. होडी नाही, घुमट नाही, संडास म्हणणं बरं दिसणार नाही. आतून पोकळ, जमिनीखाली जाणारी, चार भिंतींची वस्तू म्हणजे टाकी. प्रकार ठरला की तपासणीची यादी ठरते, आणि टाकीच्या यादीतली पहिली ओळ म्हणजे पाणी भरून चोवीस तास ठेवणे.

म्हणून १० फेब्रुवारीला चौदा पॅनेल यार्डात जोडून, दार प्लायवूडने बंद करून, वरून दोन टँकर पाणी सोडण्यात आलं. रंगावर पारदर्शक थर होता, चित्रांना काही होणार नव्हतं. तरी लियाकत दुपारच्या जेवणालाही गेला नाही. छताच्या भोकातून तो आत बघत होता. खाली आदम कमरेइतक्या पाण्यात उभा होता. दुसऱ्या दिवशी सबनीसांनी चारी बाजूंनी फिरून, खाली वाकून, सांध्यांवरून कोरडा टिश्यूपेपर फिरवला आणि शेरा लिहिला: ‘गळती नाही.’ सोळाशे वर्षांत त्या थडग्याबद्दल हा निष्कर्ष कुणी काढला नव्हता.

तिसऱ्या दिवशी नजरेची तपासणी, आणि ते दोनशे अकरा स्टिकर.

लियाकतने आधी समजावून पाहिलं. मूळ खोली अशीच आहे, साहेबांनी फोटो बघावा.

"फोटो मी बघितला," सबनीस म्हणाले. "फोटोतही डिफेक्ट आहे. उद्या एखाद्या कस्टमरने फुटक्या टाकीचा फोटो पाठवला, तर आपण त्याला फुटकी टाकी करून द्यायची का, लियाकतभाई?"

लियाकत म्हणाला, फुटकीच मागितली असेल तर द्यायची. सबनीसांनी मग ऑर्डरचा कागद काढला. त्यात लांबी होती, रुंदी होती, रंगांचे नंबर होते. ‘तुटकी’ असा शब्द नव्हता. मोराला डोकं नसावं असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. ग्राहकाला तो शब्द लिहावासा वाटला नसेल, कारण जगात कुणीतरी तो लिहून घेईल अशी शंका त्यांना आली नसावी.

लियाकतपुढे हिशेब सरळ होता. हिरवा टॅग नाही तर मेमोतली पहिली अट नाही, आणि पहिली अट नाही तर मैमुनाबी नाही. त्याने ब्रश धुवायला घेतले.

त्या संध्याकाळी शारजाच्या फ्लॅटवर सबनीसांनी जेवताना हा विषय काढला, आणि फोटो त्यांची नऊ वर्षांची मुलगी ओवी हिला दाखवला. तिने तो उलटसुलट पाहिला.

"But Baba, it's old. It's supposed to be broken."

सबनीस म्हणाले की जुनं असलं म्हणून काय झालं, स्टँडर्ड सगळ्यांना सारखंच. त्यांची बायको साधना पोळी वाढत होती. ती म्हणाली, "आपल्या मिक्सरच्या झाकणाला तीन वर्षं हँडल नाही. आधी त्याला लाव स्टिकर." सबनीसांनी सांगितलं की मिक्सर सिस्टिममध्ये येत नाही.

दुरुस्तीला पाच दिवस लागले. शुक्रवारीही, जुम्म्याची नमाज पढून, लियाकत कारखान्यात आला. रोज बेचाळीस दोष, असा त्याने भाग पाडला होता. मोराला डोकं आलं. होड्यांवर तो काढायचा तसलं, जरा जास्तच तुर्‍याचं. माशांना कल्ले आले, आणि ते सुरमईचे होते हे कुठल्याही कोकणातल्या माणसाला कळलं असतं. भेगा बुजल्या, ओल वाळली. संध्याकाळी सबनीस येऊन एकेका स्टिकरवर हिरवा स्टिकर चिकटवून जात. खोली हळूहळू नव्या फ्लॅटसारखी दिसायला लागली.

प्रार्थना करणाऱ्या बाईपाशी अडलं. फोटोत तिचे वर केलेले हात होते, अंगावरचं वस्त्र होतं, आणि हनुवटीच्या वर नुसतं प्लास्टर. चेहरा कुणाचा द्यायचा? कारखान्यात बाई नव्हती, कामगारांच्या कॅम्पवरही नव्हती. लियाकत शौकतकडे गेला आणि मैमुनाबीच्या व्हिसासाठी आणून ठेवलेल्या सहा पासपोर्ट फोटोंपैकी एक मागून घेतला. तो पॅनेलच्या कडेला चिकटपट्टीने लावला आणि दीड दिवसात चेहरा काढला. पासपोर्ट फोटोत हसायचं नसतं, म्हणून ती बाईही हसत नव्हती. फोटोवर पिवळ्या मातीच्या रंगाचा एक ठिपका उडाला. तो निघाला नाही. शौकतने फोटो परत घेताना, ऑफिसर आता हा फोटो घेणार नाही, असं नोंदवून ठेवलं.

१७ फेब्रुवारीला दुपारी दोनशे दहा हिरवे स्टिकर लागले होते. एक लाल उरला होता.

"हे राहिलं, लियाकतभाई," सबनीस म्हणाले.

"ते राहणार, साहेब."

सबनीसांना वाटलं थकला असेल. उद्या करा म्हणाले. लियाकतने ब्रश खाली ठेवला.

"आदम अलैहिस्सलाम आमचे पहिले नबी. त्यांचा चेहरा मी काढणार नाही. फोटोत चेहरा पडलेला होता म्हणून तर हे काम घेतलं. मोर काढला, मासे काढले, त्याचा जाब देईन वर. ह्याचा नाही देता येणार."

सबनीसांनी एक व्यवहारी तोडगा काढून पाहिला. कुणासारखाही नको, ओळखू येईल असाही नको, नुसता चेहरा काढावा.

"नुसता चेहरा कसा असतो, साहेब?"

धर्माच्या बाबतीत सबनीस कधी जोर करत नसत. घुमट तपासायला जातानाही ते चपला बाहेर काढत, घुमट अजून ट्रकवर असला तरी. त्यांनी दोषाचा फॉर्म पुन्हा वाचला. काम राहण्याची कारणं छापलेली होती: सामान नाही, माणूस नाही, मशीन बंद, इतर. ‘इतर’समोर जागा दोन शब्दांची होती. त्यांनी लिहिलं: ‘पैगंबर असल्याने.’ मग ते खोडलं आणि लिहिलं: ‘कामगाराकडे प्रलंबित.’ एक दोष उघडा असेल तर हिरवा टॅग देता येत नाही. फक्त ग्राहकाने लेखी सूट दिली तर देता येतो. ग्राहक दुसऱ्या दिवशी येणारच होता.

१८ फेब्रुवारी, सकाळी दहा. त्या देशाच्या पुरातत्त्व खात्यातल्या डॉक्टर मार्ता विमानतळावरून थेट कारखान्यात आल्या. वय साठच्या पुढे. मूळ खोलीत त्यांनी बावीस वर्षं काम केलं होतं. नक्कल करायची कल्पना त्यांना पसंत नव्हती असं त्यांच्या दालनातले लोक सांगतात. दौलतसाहेबांनी दार उघडलं, सबनीसांनी दिवा लावला आणि त्या आत गेल्या.

चार मिनिटं त्या भिंती बघत फिरल्या. मग त्यांनी विचारलं की हे हिरवे कागद काय आहेत. सबनीसांनी अभिमानाने सांगितलं. बाईंनी मोराकडे पाहिलं, माशांकडे पाहिलं. भिंतीवरून हात फिरवला आणि हाताला काही लागलं नाही म्हणून पुन्हा फिरवला. प्रार्थना करणाऱ्या बाईसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की ही बाई कोण?

गेटपास घेऊन आलेला शौकत मागून म्हणाला, "मॅडम, ये तो मेरी फाईल में है."

आदम आणि ईव्हपाशी येऊन त्या थांबल्या. तिथे आदमच्या मानेच्या वर उजाड प्लास्टर होतं, फोटोतल्यासारखं, एका केसाइतकाही फरक नसलेलं, आणि त्याच्या मधोमध लाल स्टिकर. त्यांनी तो नखाने काढला. हे कुणी केलं असं विचारलं. लियाकत पुढे झाला. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि इंग्रजीत जे सांगितलं ते सबनीसांनी मीटिंगच्या टिपणात असं लिहिलंय: या खोलीतली ही एकच प्रामाणिक भिंत आहे.

मग निकाल सांगितला. तीन नंबरचं पॅनेल मंजूर, बाकीची तेरा नामंजूर.

दौलतसाहेबांनी कागद मागवून दोन रकाने आखले. क्वालिटीने पास केलेली पॅनेल तेरा, त्यांतलं एकही ग्राहकाला चालत नाही. ग्राहकाला चालतं असं पॅनेल एक, ते क्वालिटीने रिजेक्ट केलंय.

"म्हणजे सबनीसजी," ते म्हणाले, "दोघांनाही पसंत असा एक तुकडाही आपण बनवला नाही."

सबनीस म्हणाले की सिस्टिमप्रमाणे तसंच दिसतंय. लियाकतने खिशातला मेमो काढला, प्लास्टिकवरूनच पुन्हा वाचला आणि ठेवून दिला.

एवढ्यावर उपाय एकच होता. जे नीट केलं ते पुन्हा मोडायचं, २५ तारखेच्या आत. डॉक्टर मार्तांनी फोटोंचा नवा संच दिला आणि त्या हॉटेलवर गेल्या. सबनीसांनी मात्र विनापद्धत मोडतोड करायला नकार दिला. कारखान्यात टाकी बनवायची पद्धत लिहिलेली होती, दुरुस्त करायची होती, मोडायची नव्हती. एका दिवसात त्यांनी नऊ पानी ‘नियंत्रित नुकसान कार्यपद्धती’ लिहिली. भेगेची रुंदी दोन मिलिमीटर कमी-जास्त चालेल. हत्यारं: पत्र्याची पट्टी, तीन नंबरांचे सँडपेपर आणि जुना टूथब्रश. प्रत्येक दोषाला नियोजित वेळ. नुकसान होताना क्वालिटीचा एक साक्षीदार हजर.

हे लिहिताना त्यांच्या ध्यानात एक अडचण आली. पास झालेला माल मुद्दाम खराब केला तर तो भंगार ठरतो. भंगाराला हिरवा टॅग देता येत नाही. हिरव्या टॅगशिवाय गेट उघडत नाही. पण भंगार बाहेर न्यायला वेगळा पास असतो, गुलाबी, आणि त्याला कसलीही तपासणी लागत नाही. त्यांनी ही वाट दौलतसाहेबांना सांगितली तेव्हा त्यांच्या आवाजात समाधान होतं. दौलतसाहेब म्हणाले, खलास, गुलाबी तर गुलाबी, ट्रक निघाला पाहिजे.

लियाकत दाराशी उभा राहून ऐकत होता.

"साहेब, ही भंगार म्हणून गेली तर पास कोण करणार?"

दौलतसाहेब म्हणाले, ते नंतर बघू, आधी यल्ला, काम. सबनीसांना प्रश्न समजला होता. त्यांनी तो वहीत लिहून घेतला.

मोडायला सात दिवस लागले, रोज तीस. मधे बकरी ईद आली. कारखाना चार दिवस बंद होता. लियाकत ईदची नमाज पढून, कॅम्पवर बिर्याणी खाऊन, बाराला यार्डात हजर झाला. साक्षीदार लागतो म्हणून सबनीसही आले, घरून डबा आणि थर्मास घेऊन. मोराचं डोकं त्या दिवशी गेलं. माशांचे कल्ले गेले. बुजवलेल्या भेगा एकेक करून परत उघडल्या. फायबरग्लासची धूळ अंगाला खाजते, म्हणून दोघेही लांब बाह्यांत होते.

मधेच लियाकतने फोनचं कार्ड खरवडून मिरकरवाड्याला फोन लावला. ईदच्या शुभेच्छा झाल्या. मैमुनाबीने विचारलं की फोटो चांगले आले का, ऑफिसात दिले का. त्याने सांगितलं की चांगले आलेत, दिलेत. तिने विचारलं, सुट्टीच्या दिवशी काय करताय. त्याने सांगितलं, काम आहे, जुनं करायचं काम.

प्रार्थना करणारी बाई त्याने शेवटपर्यंत ठेवली होती. २५ फेब्रुवारीला दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी तो पट्टी घेऊन तिच्यासमोर बसला. फोटोत हनुवटीच्या वर प्लास्टर होतं, तेव्हा हनुवटीच्या वर काही ठेवता येत नव्हतं. त्याने वरून सुरुवात केली: पदर, कपाळ, मग डोळे. डोळ्यांना रंगाचे थर जास्त होते. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. सबनीस मागे स्टूलवर होते. त्यांच्या नोंदीत आहे: ‘नियोजित वेळ दहा मिनिटं. एक मिनिट विलंब. कारण: इतर.’

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मार्तांनी चौदाही पॅनेल मंजूर केली. स्वीकारपत्रात त्यांनी एका जागेचा खास उल्लेख केला. प्रार्थना करणाऱ्या स्त्रीच्या चेहऱ्याची हानी अत्यंत नैसर्गिक वाटते आणि ती करणाऱ्याचा हात असामान्य आहे. दौलतसाहेबांनी पत्राची रंगीत झेरॉक्स काढून प्रमाणपत्राशेजारी लावली.

ट्रक साडेतीनला निघाला, गुलाबी पासावर. गेटवरच्या शिपायाने पास वाचला आणि नियमाप्रमाणे ट्रक डावीकडे, नगरपालिकेच्या कचरा डेपोकडे वळवला. ड्रायव्हरने सांगून पाहिलं. शिपाई म्हणाला, भंगार डेपोतच जातं. शेवटी सोळाशे वर्षांपूर्वीचं थडगं डेपोच्या काट्यावर चढलं, वजन झालं, शिक्का बसला, आणि मग मागच्या गेटाने मेळ्याकडे रवाना झालं. वजन सातशे चाळीस किलो भरलं.

मेळ्यात खोली चांगली चालली. एका वेळी आठजण आत सोडत. सबनीस ८ मार्चला घरच्यांना घेऊन गेले. ओवी आदमसमोर उभी राहून म्हणाली, "It's so nicely broken, Baba." साधना त्या बिनचेहऱ्याच्या बाईकडे पाहत होती. येताना गाडीत सबनीसांनी तिला सगळं सांगितलं होतं, साक्षीदार म्हणून बसल्याचंही. बाहेर आल्यावर ती म्हणाली:

"मला इथे आणलंस तेव्हा कुणी भिंतीवरच्या बाईचं नाक तपासलं होतं?"

सबनीस म्हणाले की त्यांच्या व्हिसावर मॅनेजर होतं. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी.

लियाकतने मेळा पाहिला नाही. त्याला गेटपास देण्याचं राहून गेलं. ९ मार्चला तो मेमो आणि स्वीकारपत्राची प्रत घेऊन शौकतकडे गेला. शौकतने मेमो वाचला. दुसरी अट पूर्ण. पहिलीसाठी क्वालिटीची सही हवी. लियाकत सबनीसांकडे गेला. सबनीसांनी त्याला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि सांगितलं की खोली भंगार म्हणून बाहेर गेली आहे. जी वस्तू भंगार म्हणून गेली ती पास कशी म्हणायची, आणि वर तिच्यातली दोष क्रमांक एकची, म्हणजे आदमच्या चेहऱ्याची, नोंद अजून उघडीच आहे.

"माझी सही म्हणजे माझी एकट्याची नाही, लियाकतभाई. उद्या ऑडिट झालं तर?"

"गळत नाही हे तर तुम्हीच लिहिलंत, साहेब," लियाकत म्हणाला.

ते सबनीसांनी मान्य केलं. ती सही त्यांना आजही देता येईल, म्हणाले. पण मेमोत ‘पास’ आहे, ‘गळत नाही’ असं नाही. लियाकत दौलतसाहेबांकडे गेला. त्यांनी सांगितलं की आपली सही मेमोवर आहेच, आता सबनीसजींनी हो म्हटलं की झालं. सबनीस म्हणाले की सिस्टिमने हो म्हटलं की झालं. सिस्टिमची केबिन नव्हती.

२० मार्चला ऑडिट झालं. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या माणसाने नऊ पानी ‘नियंत्रित नुकसान कार्यपद्धती’ दोनदा वाचली आणि अहवालात तिचं कौतुक केलं. इतर कारखान्यांनी हा आदर्श ठेवावा, असं लिहिलं. सबनीसांनी संधी साधून त्याला विचारलं की भंगार म्हणून गेलेली वस्तू मागाहून पास करता येते का. तो म्हणाला, प्रश्न चांगला आहे, लेखी पाठवा. त्यांनी त्याच दिवशी पाठवला. तीन दिवसांनी पोच आली. प्रश्नाला नंबर मिळाला आहे.

शनिवार, ३० मार्च, दुपारी एकपर्यंतची स्थिती अशी आहे. मेळा उद्या संपतो. खोलीचं पुढे काय करायचं हे ठरलेलं नाही. दालनवाल्यांनी ती परत न्यायला नकार दिलाय, आणि कारखान्यात परत घ्यायची तर आत येणाऱ्या भंगाराचा पास कुठल्या रंगाचा, याची पद्धत लिहिलेली नाही. दोष क्रमांक एक उघडा आहे. टेक्निशियनची जागा उद्या संध्याकाळपर्यंत रिकामी आहे. शौकत इन्शाल्ला म्हणतो. मैमुनाबीने पुन्हा काढलेले सहा पासपोर्ट फोटो गुरुवारी गावाहून येणाऱ्या एकाच्या हाती आले. ते शौकतच्या फाईलमध्ये अर्जाला टाचलेले आहेत. अर्जावर नवऱ्याच्या हुद्द्याचा रकाना आहे, आणि तो शौकतने अजून भरलेला नाही.